पहाडगंजचा बाजार आणि मावशीची भित्री राणी

नवी दिल्ली स्टेशनला दोन तोंडे आहेत. एक अजमेरी गेटकडचे आणि दुसरे पहाडगंजकडचे. मुंबईहून पंजाब मेलने किंवा पुण्याहून झेलमने आलेला मराठी माणूस एक नंबरच्या फलाटावरून पहाडगंजच्या बाजूला बाहेर पडला, की रिक्षावाले आणि हॉटेलांचे दलाल त्याला गराडा घालतात. त्यातून वाट काढत समोरचा रस्ता ओलांडला, की मेन बाजार सुरू होतो. हा बाजार स्टेशनपासून पश्चिमेला रामकृष्ण आश्रम मार्ग मेट्रो स्टेशनच्या दिशेने जातो. भरभर चालले तर पंधरा-वीस मिनिटांची वाट. पण रमतगमत निघालात तर दोन तासही पुरत नाहीत. चामड्याच्या पिशव्या, चांदीचे दागिने, अत्तरे, उदबत्त्या, ढगळ सुती झगे, आणि चुना मंडीकडे वळलात तर छोले-भटुऱ्यांचा दरवळ!

‘गंज’ म्हणजे पेठ. पहाडाजवळची पेठ ती पहाडगंज. ज्या रायसीना टेकडीवर आज राष्ट्रपती भवन उभे आहे, तिच्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. मोगलांच्या काळात दिल्लीच्या कोटाबाहेर, अजमेरी दरवाज्यापलीकडे ही धान्याची मोठी पेठ होती. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी इथे नव्याने संसार मांडले. ‘मुलतानी ढांडा’ हे इथल्या एका वस्तीचे नाव आजही त्याची आठवण देते. पुढे १९७० च्या दशकात पाठीवर पिशवी टाकून भारत पाहायला निघालेली परदेशी तरुण मंडळी स्वस्त खोल्यांच्या शोधात इथे येऊ लागली आणि गल्लोगल्ली छोटी हॉटेले उभी राहिली.

आणि हो, पहाडगंजात एक छोटासा महाराष्ट्रही आहे. आरामबागेच्या बाजूला नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे, महाराष्ट्र रंगायनचे सभागृह आहे. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीला आलेल्या कित्येक मराठी घरांतली मुले याच शाळेत बाराखडी शिकली. माझी मावशी त्यांच्यापैकीच एका घरची. काका निवृत्त झाले, मुलगा बंगळूरला गेला. पण मावशीने पहाडगंज काही सोडले नाही. चुना मंडीजवळच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तिचे बिऱ्हाड आहे.

गल्लीतली कुत्री

पहाडगंज पाहायला जाणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सहसा सुटते, ती म्हणजे इथली कुत्री. उभ्या सायकलरिक्षाच्या सावलीत, दुकानाच्या पायरीवर, हॉटेलाच्या दारातल्या पायपुसण्यावर ती निवांत पडलेली असतात. अंगावरून सामानाची हातगाडी गेली तरी शेपूट तेवढी आत घेतात. थंडीत कोणी कोणी त्यांच्या अंगावर गोणपाटाचे अंगरखेही बांधतो. पुष्कळांच्या कानाला खाच दिसते. निर्बीजीकरण झाल्याची ती खूण असते.

इतक्या गर्दीत, इतक्या गोंगाटात ही जनावरे बिनघोर झोपतात कशी? मी तासभर एका चहावाल्याच्या बाकड्यावर बसून हे पाहत होते. त्याच्या शेगडीभोवती तीन कुत्री होती. तो त्यांना हाका मारत नव्हता, गोंजारत नव्हता, त्यांच्याकडे बघतही नव्हता. उकिडवा बसून, त्यांच्याकडे कूस करून तो पेले विसळत होता. मधूनच पावाचा तुकडा हाताबरोबर बाजूला पडायचा. कुत्री आपणहून यायची, हुंगायची, तुकडा उचलून पुन्हा पसरायची. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण मावशीच्या घरी त्याच दिवसांत जे चालले होते, त्याचे उत्तर नेमके या बाकड्यापाशी होते.

फरशीवरचे ओले डाग

२०२५ चा ऑगस्ट महिना दिल्लीकर विसरणार नाहीत. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरातली सारी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर वाद झाला. एकीकडे कुत्रा चावल्याने धास्तावलेले आईबाप, दुसरीकडे प्राणिप्रेमी. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्र्यांना मूळ जागी सोडावे, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे ठरले. ज्यांना भटके कुत्रे दत्तक घ्यायचे असेल त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, मात्र घरात घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांचीच, हेही त्यात होते.

या धामधुमीत मावशीने गल्लीतली एक आठ-नऊ महिन्यांची कुत्री रीतसर घरात घेतली. तांबूस रंग, काळे नाक, डोळे हरिणीसारखे. नाव ठेवले राणी. नाव राणीचे, पण काळीज सशाचे!

नोव्हेंबरात मी मावशीकडे उतरले, तेव्हा दार उघडताच राणी पुढे आली. कान मागे, मान खाली, शेपूट पायांत, ती जमिनीसरशी सरपटत आली, माझ्या पायाशी उताणी झाली आणि फरशीवर लघवीचा ओघळ आला. मावशी वैतागून म्हणाली, “बघितलंस? कोणीही आलं की हेच. पोछा मारून मारून माझे हात गळाले गं!”

काका वर्तमानपत्राची गुंडाळी उगारून ओरडले, “शरम नाही वाटत? आत्ताच तर खाली फिरवून आणली!” राणी आणखी चपटी झाली आणि आणखी एक ओघळ आला. “अहो, ओरडू नका, ती अजून करते,” मावशी म्हणाली खरी. पण मग करायचे काय, हे तिलाही ठाऊक नव्हते. शेजारणीने तर सल्ला देऊन टाकला होता : “गल्लीत सोडून द्या. सवय लागलेली कुत्री सुधारत नाही.” मावशीचे मन त्याला तयार नव्हते, पण ते डगमगू लागले होते हे तिच्या बोलण्यातून कळत होते. आणि घराची सवय झालेली ही भित्री कुत्री पुन्हा रस्त्यावर टिकली असती का? तिची जागा तिथल्या दुसऱ्या कुत्र्यांनी केव्हाच घेतली होती.

डॉक्टरांनी काय सांगितले

मावशीने राणीला पशुवैद्याकडे नेले. त्यांनी आधी प्रश्न विचारले. झोपेत अंथरूण ओले होते का? पाणी खूप पिते का? लघवी करताना कण्हते का? रक्त दिसते का? एकटी असताना घरात करते का? सगळ्यांचे उत्तर ‘नाही’ आले. लघवीची तपासणीही स्वच्छ आली. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, खडे, मधुमेह, मूत्रपिंडाचे दुखणे, किंवा निर्बीजीकरणानंतर काही माद्यांना जडणारा लघवी न थांबण्याचा त्रास, यांतले काही नव्हते. ही तपासणी कोणीही टाळू नये. कुत्रे आजारी असेल आणि आपण त्याचा स्वभाव सुधारत बसलो, तर त्याचे हाल होतात.

आजार नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी जे समजावले ते प्रत्येक कुत्रे पाळणाऱ्याने ऐकावे असे आहे. नुकतेच जन्मलेले पिल्लू आपली आपण लघवीही करू शकत नाही. आई त्याला उताणे करून पोटाखाली चाटते, तेव्हा ते मोकळे होते. पहिले सुमारे तीन आठवडे असेच चालते. पुढे पिल्लू मोठे झाले, तरी आपल्याहून बलवान कोणी समोर उभे राहिले की काही कुत्री बालपणीचा तोच पवित्रा घेतात : उताणे व्हायचे, पोट दाखवायचे, लघवी सोडायची. ‘मी लहान आहे, माझ्याकडून तुम्हाला धोका नाही, रागावू नका,’ असा त्याचा अर्थ. रुडॉल्फ शेंकेल या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने लांडगे आणि कुत्री यांच्या अशा शरणागतीच्या हावभावांचे सविस्तर वर्णन १९६७ मध्ये केले होते. दुसरे कुत्रे ही भाषा ओळखते आणि तिथेच थांबते. माणसाला ती कळत नाही. तो रागावतो. कुत्र्याला वाटते, आपली विनवणी पोचली नाही. म्हणून ते आणखी आर्जवाने तेच करते! काकांच्या गुंडाळीने ओघळ वाढत होता तो यामुळे.

यात हट्ट नसतो, खोडी नसते आणि स्वच्छतेच्या सवयीचाही प्रश्न नसतो. लघवी सुटते ती कुत्र्याच्या ताब्यात नसते. पिल्लांमध्ये, वयात येणाऱ्या कुत्र्यांमध्ये आणि माद्यांमध्ये हे अधिक दिसते. असे कुत्रे म्हणजे कोणाचा तरी मार खाल्लेलेच, असेही नाही. काहींचा स्वभावच जन्मजात भिडस्त असतो. पुष्कळ पिल्लांची ही खोड वर्ष-दीड वर्षाची होईतो आपोआप जाते, मात्र मध्यंतरी घरच्यांनी धाक घालून ती घट्ट केलेली नसावी.

काही कुत्री मात्र आनंदाच्या भरात उड्या मारता मारता लघवी करतात. त्यांचे कान ताठ असतात, शेपूट उंच असते. ती गोष्ट वेगळी, आणि भिंतीला पाय वर करून हद्द आखणारा कुत्रा तर आणखीनच वेगळा.

स्वागत जरा बेताने!

आता आपल्याकडची पाहुणचाराची रीत आठवा. दार उघडले की “या, या!” असा मोठा गजर. कुत्रे दिसले की पाहुणा थेट डोळ्यांत बघतो, कमरेतून वाकतो आणि डोक्यावर थोपटायला हात पुढे करतो. आपल्या लेखी हे प्रेम. कुत्र्याच्या लेखी एक अजस्र प्राणी डोळे रोखून अंगावर झुकतो आहे! दोन कुत्री गल्लीत भेटतात तेव्हा समोरासमोर येत नाहीत. बाजूने, थोडे वळण घेऊन, नजर चुकवत, हुंगत भेटतात. आमचा चहावाला हेच करत होता. उकिडवा बसला की माणूस लहान होतो. कूस केली की नजर हटते. आणि तो कुत्र्याला स्वतः हात लावत नाही, कुत्रे त्याच्याकडे येते. पहाडगंजच्या बाजारात जो तो आपल्या कामात असतो. कुत्र्याकडे बघायला कोणाला सवड नाही. म्हणूनच ती तिथे एवढी बिनघोर!

मावशीला मी खाली बाकड्यापाशी घेऊन गेले. तीही दहा मिनिटे बघत राहिली. “म्हणजे हिच्याकडे लक्षच द्यायचं नाही?” तिने विचारले. डॉक्टरांचे म्हणणे तरी तेच होते. फक्त तिला ते आता डोळ्यांनी दिसले.

मग घरात नवा नियम सुरू झाला. काका संध्याकाळी फिरून आले की चपला काढायच्या, पिशवी ठेवायची, पाणी प्यायचे आणि राणी समोर आहे हे जणू विसरून जायचे. पाच-दहा मिनिटांनी ती शांत झाली, आपणहून जवळ आली, की खुर्चीवर तिरपे बसून, नजर दुसरीकडे ठेवून हात खाली सोडायचा. तिने हुंगले तर हनुवटीखाली किंवा छातीवर हलकेच खाजवायचे. डोक्यावर हात नाही, वर झुकणे नाही. उकडलेल्या कोंबडीचा बोटभर तुकडा तिच्या हाती द्यायचा नाही, तर तिच्या बाजूला जमिनीवर टाकायचा. खाली मान घालून तुकडा शोधणाऱ्या कुत्रीला उताणे व्हायला सुचत नाही! घरच्या खेळांतून ‘बस’ म्हटले की बसायला तिला शिकवले. आपण काय केले की शाबासकी मिळते, हे कळले की भित्र्या जनावराला धीर येतो.

आणि फरशी ओली झालीच, तर? अवाक्षर न बोलता राणीला दुसऱ्या खोलीत जाऊ द्यायचे आणि मग पुसायचे. चुचकारायचेही नाही. “असू दे गं बाळा” असे आपण तिच्यावर ओणवून म्हणालो, तरी तिला दिसते ते आपले ओणवणेच.

काकांना हे सारे फार जड गेले. सरकारी कचेरीत जन्मभर आवाज चढवून काम करून घेतलेला माणूस! पण आठवड्याभरात राणी त्यांच्या खुर्चीखाली जाऊन झोपू लागली, तेव्हा वर्तमानपत्राची गुंडाळी पुन्हा वाचण्याच्या कामी आली.

हळदीकुंकवाची परीक्षा

खरी परीक्षा संक्रांतीला होती. पहाडगंजातल्या मराठी बायका मावशीकडे हळदीकुंकवाला येतात. दहा-बाराजणी, रेशमी साड्यांची सळसळ, बांगड्यांचा आवाज आणि प्रत्येकीच्या तोंडी “अगंबाई, हीच का ती राणी?” मावशीने दारावर एक कागद चिकटवला : ‘कृपया कुत्रीकडे पाहू नये. तिला हाक मारू नये. तिळगूळ तिला देऊ नये.’ बायका येण्याच्या आधी काकांनी राणीला खाली फिरवून आणले, म्हणजे पोट मोकळे. पहिला अर्धा तास तिला आतल्या खोलीत चघळायला देऊन ठेवले. सगळ्या स्थिरस्थावर झाल्यावर दार नुसते उघडे ठेवले. 

पुढचे मला मावशीने फोनवर सांगितले. “अगं, आली. भिंतीकडेनं आली. एकेकीच्या पदराला हुंगलं. सगळ्या माझ्या मैत्रिणी अशा छताकडे बघत बसलेल्या, जशी काही फोटोला! मग माझ्या पायाशी येऊन बसली. फरशी कोरडी!” तिचा आवाज भरून आला होता.

राणी पूर्ण बरी झाली का? नाही. उंचापुरा कुरियरवाला दारात उभा राहिला, की अजूनही दोन थेंब पडतात. पण पूर्वी दिवसातून पाच वेळा पडायचे, ते आता पंधरवड्यातून एकदा. अशा कुत्र्याला सुधारायला कधी काही आठवडे लागतात, कधी काही महिने. मध्येच एखादा दिवस वाईट जातो. तेव्हा घरातल्या कोणीही धीर सोडू नये, हे महत्त्वाचे. आणि इतके करूनही फरक पडला नाही, तर पशुवैद्याला पुन्हा दाखवावे.

तुमच्याही घरी असे भित्रे कुत्रे असेल, तर

१. सर्वांत आधी पशुवैद्याकडून तपासून घ्या. पाणी तोडू नका; त्याने प्रश्न सुटत नाही, दुखणे मात्र होऊ शकते.

२. मारणे, ओरडणे, लघवीत नाक घासणे हे प्रकार कायमचे बंद करा. त्याने हा त्रास वाढतोच.

३. घरी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे लक्ष देऊ नका. शक्य असेल तर भेट दाराबाहेर किंवा अंगणात होऊ द्या.

४. कूस करून, उकिडवे बसून, हळू आवाजात बोला. हात खालून न्या. पाहुण्यांना आणि मुलांना हे आधीच सांगून ठेवा. मुलांना ‘पुतळा-पुतळा’ खेळ म्हणून शिकवले तर ती हौसेने करतात.

५. डाग पुसायला अमोनियायुक्त द्रावण वापरू नका. त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखाच वाटतो. लघवीचा वास मोडणारी, विकरे असलेली द्रावणे पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतात.

६. कोणत्या वेळी, कोणाला पाहून लघवी सुटते, याची कॅलेंडरवर खूण करत जा. दोन महिन्यांनी मागे वळून पाहिलेत तर सुधारणा डोळ्यांना दिसेल.

आणि पहाडगंजला गेलात, तर

दिल्लीला नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान जा. हवा गार असते. रामकृष्ण आश्रम मार्ग स्टेशनवर मेट्रोतून उतरून मेन बाजारात शिरलात, तर स्टेशनाकडची झुंबड टळते. भावात घासाघीस करायला लाजू नका. 

गल्लीतल्या कुत्र्यांकडे दुरूनच बघा. अनोळखी कुत्र्याला, विशेषतः ते झोपले असताना, खात असताना किंवा पिल्ले जवळ असताना, हात लावू नका. चुकून चावलेच किंवा नखाने ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. यात ढिलाई नको.

७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानकांच्या आवारातली भटकी कुत्री हलवायला सांगितले. अशा वेळी एकेक कुत्रे घरात घेणारी माणसे पुढे यायला हवीत, आणि घेतलेले कुत्रे त्यांनी घरात टिकवायला हवे. ओल्या फरशीला कंटाळून ते गल्लीत सोडायचे नसेल, तर घरातल्या प्रत्येकाला दाराशी दहा मिनिटे गप्प उभे राहता आले पाहिजे. मावशीच्या घरी तर हा नियम आता कागदावर लिहून दारामागे टांगलेला आहे, काकांच्या सुवाच्य सरकारी अक्षरात.